खडपावर चौकट नेमकी कुठे टाकायची?

मधली_आळी (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दिवाळीनंतर मुलांना घेऊन हेदवीच्या बाजूच्या खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या कातळावर, एक दिवस काम करायचं म्हणतेय. सहल दरवर्षी होते. मुलं शंख-शिंपले बघतात, कुर्ल्यांमागे धावतात, घरी जाऊन नावांची यादी करतात आणि वही तपासायला देतात. त्या यादीत 'कुठे' हा प्रश्नच नसतो. कोणता जीव पाण्यापासून किती उंचीवर होता, उन्हात की सावलीत, लाटेच्या तोंडावर की आडोशाला, काही म्हणजे काही नाही. यंदा तेच करून घ्यायचंय.

जमवलेलं साहित्य असं: आतले जीव मोजायला अर्ध्या मीटरच्या पीव्हीसी पाइपच्या चौकटी, मोजपट्टी, डिजिटल थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या आणि ओळखीतल्या कोळंबीवाल्याकडून उसना मिळणारा क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. पुस्तकात लिहिलंय 'चौकट यादृच्छिक ठिकाणी ठेवावी'. प्रत्यक्षात मुलं चौकट जिथे काहीतरी दिसतं तिथेच नेऊन ठेवतात. मग आकडे कसले येणार? शिवाय मोजायचं काय काय, तापमान आणि पीएच सगळीकडे घेत बसलो तर ओहोटी संपेल. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

निवटी:

धागा आवडला. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी खडप वाचायला शिकवा, मोजणी मागाहून. ओहोटीला पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की कातळावर आडवे पट्टे दिसतात. सगळ्यात वर, जिथे नुसते तुषार पोचतात, तिथे कातळाच्या फटींत ज्वारीच्या दाण्याएवढ्या करड्या शंख्या दाटीवाटीने बसलेल्या असतात. हा लिटोरिनाचा गट. दिवसेंदिवस पाणी मिळालं नाही तरी झाकण घट्ट लावून तग धरतात. त्याखाली बार्नॅकलचा (कातळाला कायमचे चिकटलेले कवचाचे छोटे प्राणी) खरखरीत पांढुरका थर, मग कालवांचा (ऑयस्टर) पट्टा, त्यावर आणि खाली टोपीच्या आकाराचे लिंपेट शंख, नंतर शेवाळाची हिरवळ, आणि अगदी खाली, उधाणाच्या, म्हणजे अवसे-पुनवेच्या मोठ्या ओहोटीलाच उघडं पडणाऱ्या भागात सर्गॅसमसारखी तपकिरी शैवालं आणि गालिच्यासारखे पसरलेले झोअँथस, पोवळ्यांचे मऊ भाऊबंद.

हे पट्टे का पडतात, हा तुमच्या दिवसाचा खरा प्रश्न. समुद्राचं पाणी दोन्हीकडे तेच, कातळ तोच. बदलतो तो उघडं राहण्याचा काळ. वर जावं तसं ऊन, वारा आणि कोरडेपणा जास्त, पाण्यातून अन्न गाळून खायला मिळणारा वेळ कमी. बार्नॅकल आणि कालव दोघंही पाण्यात असतानाच जेवतात. म्हणजे उंची वाढली की उपासही वाढला.

पण हे अर्धंच उत्तर. जोसेफ कॉनेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर केलेला प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. तिथे बार्नॅकलच्या दोन जाती: कॅथॅमॅलस वरच्या पट्ट्यात, बॅलॅनस खालच्या. त्याने काही ठिकाणी बॅलॅनस खरवडून काढले, तर कॅथॅमॅलस खालीसुद्धा मजेत जगले. म्हणजे खाली राहणं त्यांना झेपत होतं, जागा मिळत नव्हती. बॅलॅनस भराभर वाढून त्यांना दाबून, उचकटून काढत होते. उलट बॅलॅनस वर जाऊ शकत नव्हते, कारण तिथे ते सुकून मरत. तेव्हापासून खडपाबद्दल बोलताना एक ढोबळ सूत्र सांगतात: वरची हद्द हवामान ठरवतं, खालची हद्द शेजारी आणि शिकारी ठरवतात. अपवाद भरपूर आहेत, पण बारावीच्या मुलांना कातळासमोर उभं करून विचारायला याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

तेव्हा मोजायचं काय, तर जे पट्ट्यागणिक बदलतं ते. उंची, कातळाच्या पृष्ठभागाचं तापमान (हवेचं नव्हे, दुपारी दोन्हींत खूप फरक असतो), उतार, फटी आहेत की सपाट, लाट थेट येते की आडोसा आहे. उघड्या समुद्राच्या पाण्याचा पीएच चौकटीगणिक मोजण्यात अर्थ नाही, तो तेवढाच येणार. पीएचच्या पट्ट्या डबक्यांसाठी ठेवा. तिथे गंमत आहे, सवडीने लिहितो.

पाऊणपट:

वेळेचं बघा आधी, नाहीतर सगळी तयारी करून जाल आणि खडप पाण्याखाली.

आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती. पुनवेला किंवा अवसेला पंधराचे सव्वाअकरा. ओहोटी त्यापासून सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं. हा अंदाज झाला, निघण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघायचाच.

आता या हिशेबाने पुनवेला-अवसेला ओहोटी येते पहाटे पाच-साडेपाचला आणि परत संध्याकाळी. पाणी भरपूर मागे जातं, पण अंधारात मुलं नेणार का? भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओहोटी मस्त भर दुपारी बाराला येते, पण पाणी धड मागेच सरत नाही. म्हणून द्वितीया-तृतीया धरा. उधाणाचा जोर अवसे-पुनवेनंतर एखाददोन दिवस टिकतो, आणि तृतीयेची ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. साडेसहाला खडपावर पाय ठेवा, पाण्याच्या मागोमाग खाली उतरा, नऊला वर परतायला लागा.

हेदवीला बामणघळ आहे हे तुम्हाला सांगायला नको. भरती लागली की त्या घळीत पाणी कसं उसळतं ते मुलांना लांबून दाखवा. एक माणूस फक्त समुद्राकडे तोंड करून उभा ठेवा, त्याच्या हातात वही-पेन काही द्यायचं नाही.

निवटी:

पाऊणपटराव, तुमच्या हिशेबातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात मोठ्या ओहोट्या सकाळी लवकर आणि संध्याकाळी येतात. म्हणजे खडपाचा तळाचा पट्टा उघडा पडतो तो कोवळ्या किंवा उतरत्या उन्हात, माध्यान्हीच्या नाही. ज्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी दुपारी येते तिथल्या तळाच्या जिवांना हे भाग्य नाही. वरच्या पट्ट्याचं उलट. भांगाच्या दिवसांत भरती वरपर्यंत पोचतच नाही, सलग काही दिवस कातळ कोरडा तापत राहतो. त्यामुळे 'वर गरम, खाली गार' एवढ्यावर भागत नाही, पंचांगसुद्धा एक पर्यावरणीय घटक आहे असं मुलांना खुशाल सांगा.

आडवाट:

एवढा खटाटोप कशाला, हे मला खरंच कळत नाही. माझी आजी जन्मभर कालवं काढायला गेली. कुठल्या कातळाला काय, कुठल्या महिन्यात भरलेलं, कुठे पोकळ, सगळं तोंडपाठ. गावातल्या चार बायकांना विचारा, चौकटी न टाकता नकाशा मिळेल. पाइपच्या चौकटीत डोकं घालून मुलं काय नवीन शोधणार?

एक_क्ष:

आडवाट, आजींना विचारायचंच, आणि सगळ्यात आधी विचारायचं. पण आजींना ठाऊक आहे कालवं कुठे आहेत ते. कालवं कुठे नाहीत तिथे त्या कशाला जातील? आणि मोजणीला 'नाही' तितकंच लागतं.

आकड्यांत दाखवतो. समजा एका पट्ट्यात दहा चौकटी टाकल्या आणि कालवं आली अशी: ०, ०, १४, ०, २२, ०, ३, ०, ०, ३१. बेरीज ७०, सरासरी चौकटीला ७. अर्ध्या मीटरची चौकट म्हणजे पाव चौरस मीटर, तेव्हा चौरस मीटरला २८. आता मुलं करतात तसं करा: रिकाम्या जागी चौकट ठेवायचीच नाही, किंवा ठेवली तरी 'इथे काही नाही सर' म्हणून उचलायची. उरल्या चार चौकटी, सरासरी साडेसतरा, चौरस मीटरला ७०. पट्टा २०० चौरस मीटरचा असेल तर पहिल्या हिशेबाने ५,६००, दुसऱ्याने १४,०००. कालव एकही वाढलं नाही, आकडा अडीचपट झाला.

शून्यांमधून अजून एक गोष्ट कळते. जीव कुठेही कसेही विखुरलेले असते तर चौकटीतल्या आकड्यांचं विचरण (आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप) साधारण सरासरीएवढं आलं असतं. वरच्या उदाहरणात सरासरी ७ आणि विचरण जवळजवळ १२९. म्हणजे कालवं पुंजक्यांनी आहेत. का? कारण पाण्यात तरंगणारी पिल्लं बसायला जागा शोधतात तेव्हा आपल्याच जातीची जुनी कालवं जिथे असतील तिथे जास्त बसतात. ही माहिती चार भरलेल्या चौकटींतून कधीच मिळाली नसती.

यादृच्छिक जागेचं म्हणाल तर चौकट पाठीमागे भिरकावणं हा प्रकार बंद करा. फेकणारा हात ठरावीक अंतरावरच फेकतो, वर एखाद्या शंखाचा चुरा. पट्ट्यात दोन मोजपट्ट्या काटकोनात अंथरा, हाऊजीच्या सोंगट्या दोन पिशव्यांत भरा, एक सोंगटी या पट्टीवरची, दुसरी त्या पट्टीवरची. सोंगटी म्हणेल तिथे चौकट. तिथे गुळगुळीत कातळ असला तरी.

आडवाट:

अडीचपट वाचून गप्प बसलो. :) पण मग आजीला विचारून उपयोग काय?

एक_क्ष:

खडपाचे भाग पाडायला. आजी म्हणाल्या की घळीच्या या अंगाला कालवं दाट आणि त्या अंगाला विरळ, तर दोन्ही अंगांचे वेगळे गट करा आणि प्रत्येक गटात सोंगट्या काढा. सरसकट एकाच पिशवीतून काढल्या तर लहान भाग सुटून जाऊ शकतो.

मधली_आळी:

किती छान समजावलंत! शून्याचं गणित फळ्यावर असंच्या असं घेणार. पण मग पट्ट्यांचं काय? निवटी म्हणतात तसं वरून खाली बदल बघायचा तर यादृच्छिक चौकटी टाकून कसं चालेल?

निवटी:

बरोबर पकडलंत. दोन वेगळे प्रश्न आहेत. 'या पट्ट्यात किती?' याला सोंगट्या. 'वरून खाली कसं बदलतं?' याला ओळ, म्हणजे ट्रान्सेक्ट. तुषारांच्या पट्ट्यापासून पाण्यापर्यंत किनाऱ्याला काटकोनात दोरी ताणायची आणि तिच्या कडेने ठरावीक अंतराने चौकटी ठेवत उतरायचं. इथे जागा आधीच ठरलेली, म्हणून चौकट सरकवायचा मोह आपोआप टळतो. अशा निदान तीन-चार ओळी हव्यात. एका ओळीवरून खडपाबद्दल काही बोलू नये, आणि ओळ कुठून सुरू करायची ते मात्र सोंगटीने ठरवा.

यात एक खाच आहे. आपल्याकडची खडपं बरीचशी सपाट, मध्येच एकदम पायरी. दर दोन मीटरला चौकट ठेवली तर सपाटीवर एकाच उंचीच्या ढीगभर चौकटी येतात आणि पायरीवर, जिथे सगळा बदल होतो, तिथे एखादी. म्हणून अंतराऐवजी उंची धरा, दर २० सेंमी उताराला एक चौकट. उंची मोजायला महागडं यंत्र नको. गवंडी पाया आखताना वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. एक टोक वरच्या काठीला, दुसरं खालच्या काठीला. दोन्हीकडे पाणी एका पातळीत राहतं, दोन काठ्यांवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे उंचीतला फरक. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मात्र आकडा चुकतो, टिचक्या मारून काढायचा. शेवटी ओहोटी थांबते त्या वेळची पाण्याची कड हा तळ धरा आणि वेळ लिहून ठेवा, म्हणजे तक्त्यातल्या पातळीशी जोडता येईल.

चौकटीत काय मोजायचं तेही ठरवून जा. लिंपेट, शंख, कुर्ल्या मोजता येतात. शेवाळ आणि झोअँथस मोजणार कसे? त्यांची व्याप्ती घ्यायची. चौकटीला दर पाच सेंमीवर दोऱ्या बांधल्या की शंभर घरं होतात, जेवढ्या घरांत निम्म्याहून जास्त शेवाळ तेवढे टक्के. लिटोरिना आणि बार्नॅकलसाठी अर्ध्या मीटरची चौकट म्हणजे शिक्षाच, दहा सेंमीची वेगळी करा.

मालवणी_झील:

हयसर येक गोष्ट सांगतंय. माजी आवस अजून कालवां काढूक जाता. ती म्हणता, पावसाळ्यात व्हाळाच्या तोंडाकडली कालवां फिक्की लागतत, गोड्या पाण्यान. भायल्या खडपावरली तशी नाय.

तुमी मालवणाक येवन करूचा म्हणश्यात तर आधी वनखात्याची परवानगी काढा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूक १९८७ पासून सागरी अभयारण्य आसा. आणि पवाळां दिसली तर नुसती बघा, हात लावायचो नाय, कायद्यान बंदी आसा.

खाजणकाठ:

मालवणी_झील, तुमच्या आईने एका वाक्यात क्षारतेचा धडा दिला. कालवाच्या अंगातला खारटपणा भोवतीच्या पाण्याप्रमाणे वर-खाली होतो. गोडं पाणी आलं की ते शिंपला मिटून बसतं, पण किती दिवस बसणार? लांबलेल्या पुराने खाडीतली कालवं मरतात.

मधली_आळी ताई, तुमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर येणारच आहे तर एक तुकडी खाडीत पाठवा. उघड्या समुद्रात तो लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. खाडीत वर वर जावं तसा कमी होत जातो, आणि त्याबरोबर जीव बदलतात. फक्त एक ध्यानात ठेवा. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं, खारं पाणी खालून पाचरीसारखं आत शिरतं. पृष्ठभागावरचं पाणी घेऊन 'इथे क्षारता अमुक' म्हटलंत आणि तळाच्या चिखलातले जीव मोजलेत, तर दोन्हींचा मेळच नाही. दोरी बांधलेली वजनदार बाटली तळापर्यंत सोडून, तिथे बूच ओढून भरायची. आणि भरतीला एकदा, ओहोटीला एकदा घ्या.

चिखलात चौकट कामाची नाही, जीव आत असतात. पाइपचा तुकडा चिखलात दाबायचा, वरचं तोंड तळव्याने बंद करून उपसायचा. निघालेली चिखलाची कांडी नीट बघा: वर तपकिरी थर, खाली एकदम काळा, सडक्या अंड्यासारखा वास. तो काळा थर सुरू होतो तिथे प्राणवायू संपला. रेवेत तो खोल असतो, मऊ गाळात बोटभर खाली. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर का येतात ते या कांडीवरून मुलांना न सांगता कळतं. मग ती कांडी अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर पाण्याने चाळायची, राहतील ते कृमी, लहान शिंपले, शंख मोजायचे. मैद्याची चाळणी चालते, पण घरी परत नेऊ नये.

आणि कुर्ल्यांची बिळं मोजून कुर्ल्यांची संख्या लिहू नका. काही बिळं रिकामी असतात. 'बिळं' असंच लिहा.

सडेकर:

खडप-खाडी चाललंय त्यात सड्याचा, म्हणजे उघड्या कातळी पठाराचा एक मुद्दा. कोकणात हीच पद्धत किनारा न गाठताही शिकवता येते. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर जा, कातळावर माती किती जाड आहे हेच सगळं ठरवतं. बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवं, जराशा खोल खळग्यात गवत, भेगेत झुडूप. पट्टी खुपसून मातीची खोली आणि शेजारी चौकट, बस्स. सीतेची आसवं किडे खाणारी वनस्पती, कारण त्या भिजक्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. लाटेची भीती नाही, घसरण्याची आहे.

निवटी:

सड्यावर वेगळा धागा काढा सडेकर, मी पहिला प्रतिसाद देईन.

डबक्यांचं राहिलं होतं. ओहोटीला कातळात अडकलेलं पाणी पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजा. रात्रभर श्वसन चालू, प्रकाशसंश्लेषण बंद, म्हणून पहाटे कर्बवायू साठलेला आणि पीएच उतरलेला. दुपारी शेवाळ तोच कर्बवायू ओढून घेतं, पीएच चढतो, प्राणवायूचे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. उन्हाने पाणी उडून क्षारता वाढते, पावसाची एक सर आली की धाडकन उतरते. जितकं डबकं उथळ आणि वरच्या पट्ट्यातलं, तितके हे झोके मोठे. म्हणून एक तळचं खोल डबकं आणि एक वरचं उथळ, शेजारी शेजारी मोजा. दुपारी भरती येऊन खालचं डबकं बुडालेलं असेल, तर वरच्यावरच भागवा.

आडवाट:

आजीशी फोनवर बोललो. तिचं म्हणणं, वाटेजवळची कालवं हल्ली लहान मिळतात, मोठी हवी असतील तर लांबच्या सुळक्यावर जावं लागतं. हा पर्यावरणीय घटक झाला की नाही?

एक_क्ष:

अलबत झाला. माणूस हाही शिकारीच. आणि हे मोजता येतं! वाटेजवळ आणि लांब, एकाच उंचीवर, सारख्याच उताराच्या कातळावर चौकटी टाकून कालवांची लांबी मोजा. उंची सारखी ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर फरक उन्हामुळे की हातांमुळे ते कळणार नाही. सुळक्यावर लाटेचा मारा जास्त असेल तर तीही भानगड आहेच, तेवढं लिहून ठेवायचं. तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगा.

मधली_आळी:

आजींचा प्रश्न एका तुकडीला देऊन टाकला! बाकी, शंखांची पकड-खूण-पुन्हा पकड पद्धत अभ्यासक्रमाबाहेरची, पण मुलांना फार आवडते. खडपावर जमेल का? नेलपॉलिश आणलंय.

एक_क्ष:

गणित सोपं आहे. समजा नेरिता जातीचे ६० शंख धरून खूण केली आणि सोडले. दुसऱ्या दिवशी ५० धरले, त्यांत १२ खुणेचे. तर अंदाज ६० गुणिले ५० भागिले १२, म्हणजे २५०. पण हे खरं तेव्हाच, जेव्हा मधल्या वेळात कोणी बाहेरून आलं-गेलं नाही, खूण पुसली नाही आणि खुणेमुळे कोणी जास्त मेलं नाही.

निवटी:

त्यातलं शेवटचं नेलपॉलिशवर अवलंबून. लालभडक ठिपका पाठीवर लावलात तर पक्ष्याला आमंत्रण. शंख कोरडा पुसून, तोंडाजवळच्या बाजूला, बारीक ठिपका, आणि पूर्ण वाळल्यावरच सोडायचा. जिथून उचलला तिथेच. लिंपेट या खेळात घेऊ नका. अनेक लिंपेट आपल्या ठरलेल्या जागी, कातळाशी कड जुळवून बसतात. एकदा उचकटला की ती पकड परत बसेलच असं नाही. त्याला कातळावरच ठिपका लावा.

उलटलेला दगड होता तसा परत ठेवा, याची वर्गात तालीम घ्या म्हणतो मी. दगडाखालचे जीव सावलीचे, वरचे उन्हाचे. दगड उलटा राहिला की दोन्हीकडचे मरतात. शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे शंख जिवंत असतील तर हातात घ्यायचे नाहीत, त्यांचा डंख विषारी असतो. अनवाणी कोणी नको, कालवाच्या धारेने पाय कापतो आणि जखम चिघळते.

मधली_आळी:

ठरलं मग. मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, तक्ता पाहून पक्कं करते. चार ओळी, उंचीप्रमाणे चौकटी, नळी आमच्या गवंडीकाकांकडून. एक तुकडी वाटेजवळच्या आणि लांबच्या कालवांवर, एक डबक्यांवर, खाडीचं पुढच्या खेपेला. एका मुलाने आत्ताच विचारलंय, चौकटी किती टाकायच्या?

एक_क्ष:

प्रत्येक चौकटीनंतर तोवरची सरासरी काढत जा आणि आलेखावर टिंब ठेवा. सुरुवातीला सरासरी खूप हेलकावे खाईल, मग हळूहळू स्थिरावेल. स्थिरावली की पुरे. जातींची यादी करणार असाल तर नवीन जात मिळणं थांबेपर्यंत. ओहोटी त्याआधी संपली तर जितक्या झाल्या तितक्या प्रामाणिकपणे लिहा.

आणि तक्त्यात तीन गोष्टी वेगळ्या दिसू द्या. बघितलं आणि काही नव्हतं तिथे शून्य. बघायचंच राहिलं तिथे रेघ. पाण्याखाली गेलं तिथे 'पा'. कोरा रकाना एकही नको. मी आजवर पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत निम्मा घोळ कोऱ्या रकान्यांचा असतो, कारण महिन्यानंतर तो शून्य होता की राहून गेला होता हे कोणालाच आठवत नाही.

मधली_आळी:

तक्ता आज रात्री बनवून इथे टाकते, चुका काढा. एक शेवटचं: पीव्हीसीची चौकट डबक्यात तरंगते. आत वाळू भरू का?

खाजणकाठ:

भोकं पाडा. पाणी शिरतं आणि चौकट बुडते, उचलली की निघून जातं. वाळू भरलीत तर मुलं दहा मिनिटांत ओझं म्हणून टाकून देतील.